विरुद्ध बाजूचा माणूस

"अहो, तुम्ही माझ्या मामांच्या पुराव्यावर बसलाय!"

मी दचकून उठले. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर एक निळी फाइल माझ्याखाली पार चपटी झाली होती. ती उचलणारा तरुण हसत होता. मीही हसणार, तेवढ्यात फाइलवरचा नंबर दिसला. आमच्याच खटल्याचा! म्हणजे हा... विरुद्ध बाजूचा.

माझे बाबा पुस्तकबांधणी करतात. शेजारच्या दुकानात त्याचे मामा फोटोंच्या चौकटी बनवतात. दोन्ही दुकानांमागे एकच खोली, आणि ती कुणाची यावर सात वर्षं खटला. बाबांचं कागद कापायचं अवजड यंत्र त्या खोलीतच जमिनीत बसवलेलं. खोली गेली, तर बाबांचा धंदाच बसणार. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मुखत्यारपत्र घेऊन मी यायचे. मामांकडे नुकताच राहायला आलेला हा भाचा त्यांच्या वतीने येऊ लागला होता.

तारखेला सकाळपासून बसून राहावं लागतं. शिपाई दारात येऊन नावं पुकारतो. त्या वेळी तुम्ही नसलात, तर निकाल एकतर्फी लागू शकतो. त्यामुळे पाणी प्यायलाही उठवत नाही. अशा सहा तारखा आम्ही त्याच बाकावर काढल्या. आधी मध्ये दोन हातांचं अंतर होतं, मग... जरा कमी.

"आज तुमच्या मामांनी काय नवीन खोटं लिहिलंय?"

"तुमच्या बाबांएवढं जमत नाही हो त्यांना."

"तोंड सांभाळून हं!"

"सांभाळतोय की. नाहीतर तुम्ही छान दिसताय, असंही म्हणालो असतो."

मी खिडकीकडे पाहू लागले. कान मात्र तापले होते.

सातव्या तारखेला आमच्या वकिलांचा फोन आला. ते दुसऱ्या कोर्टात अडकले होते आणि खोलीच्या नकाशाची झेरॉक्स ताबडतोब हवी होती.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "मी आहे ना."

मी धावले. खाली रांग हीऽ लांब! रांगेत उभं राहिल्यावर डोकं ठिकाणावर आलं. राखण करायला कुणाला बसवलं मी? ज्याचा माझ्या नसण्यानं फायदा, त्यालाच! वेडी कुठली...

कागद छातीशी धरून जिना चढले, तर आत आमचा पुकारा झालेला. मी दारातच थांबले. तो न्यायाधीशांसमोर उभा होता.

"साहेब, त्या सकाळपासून हजर आहेत. झेरॉक्सला गेल्यात. दहा मिनिटं थांबावं, ही विनंती."

त्याचे वकील डोळे वटारत होते.

"तुम्ही त्यांच्या बाजूचे का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही साहेब. विरुद्ध बाजूचा."

सगळे हसले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुमचं इतकं पटतं, तर दोघा वडीलधाऱ्यांना मध्यस्थापुढे बसवा."

मामांनी भाच्याला घरभेदी ठरवलं, दोन दिवस अबोला धरला. पण बसले. सात वर्षांत पहिल्यांदाच समोरासमोर.

"माझं लाकूड ओलीनं वाकतं," मामा कुरकुरले. "म्हणून खोली हवी."

"मग वर फळ्या ठोक की!" बाबा म्हणाले. "मला फक्त खालची जमीन लागते."

एवढं साधं कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

तडजोडीवर सह्या झाल्या, त्या दिवशी बाबा मामांच्या खांद्याचा आधार घेऊन जिना उतरले. आम्ही मागे राहिलो. मला हलकं हलकं वाटत होतं, आणि थोडं रडूही येत होतं.

"आता... भेटायला काही कारण उरलं नाही," तो म्हणाला.

"शोधा की एखादं."

"आहे एक. पण त्याला तुमच्या बाबांची परवानगी लागेल."

"आणि माझी?"

"तुमची आधी." त्यानं हात पुढे केला... जरासाच, चाचरत.

मी तो धरला.

"अगं, येताय की नाही?" खालून बाबांची हाक आली. "आम्हा दोघांना भूक लागलीये!"

"आले, बाबा!" मी ओरडले. हात मात्र सोडवून घेतला नाही.