ओल्या रस्त्यावरचे तीन आकडे

ज्या टायरांची कीर्ती मोठी, तेच ओल्या रस्त्यावर अधिक घसरावेत आणि ज्यांना कोणी ओळखतही नाही त्यांनी गाडी लवकर थांबवावी, असे कोडे त्या दुपारी डॉ. आनंदराव इंगवले यांच्या चाचणीपथावर उभे राहिले. सन दोन हजार एकाहत्तरमधील खंडेनवमीचा तो दिवस होता. कोल्हापूरबाहेर उसाच्या फडांमधून गेलेल्या त्या आठशे मीटरांच्या पथावर मापक नावाचा यंत्रमानव गुडघे टेकून पाण्याच्या थराची जाडी तपासत होता. त्याच्यामागे अकरा वर्षांची शाल्मली आपल्या आजोबांच्या, म्हणजे डॉ. इंगवले यांच्या, शेजारी उभी होती. आनंदरावांनी चाळीस वर्षे रबराच्या अभ्यासात घालवली होती.

त्या काळी मोटारी आपल्या आपणच चालत. मनुष्याने स्वतः चाक हाती घेऊन गाडी हाकावी, असा प्रसंग वर्षातून एकदाच येई. दसऱ्याच्या सकाळी निळकंठ घाटात चढणस्पर्धा होत असे. शाल्मलीची आत्या प्रणोती हिने तीन वर्षे खपून त्या स्पर्धेसाठी विजेवर चालणारी एक ठेंगणी, चपळ स्पोर्ट्स कार स्वतःच्या कारखान्यात बांधली होती. तिचे नाव शीघ्रा. स्पर्धेचा नियम कडक होता. आदल्या दिवशी पाच वाजेपर्यंत टायरांचा एकच संच नोंदवायचा, आणि मग तो बदलायचा नाही. घाटाच्या सातव्या वळणावर झऱ्याचे पाणी बारमाही रस्त्यावरून वाहते आणि कठड्यापलीकडे खोल दरी आहे. तेथे टायरने रस्ता सोडला, तर आत्याच्या हाती काही उरणार नव्हते.

दोन संच समोर होते. एक महाग, नामांकित. तो आठवड्यापूर्वीच आला होता. दुसरा स्वस्त, साधा आणि आधी थोडा वापरलेला. तो दुपारी जेवणानंतर पोहोचला. दोन्ही संचांवर शीघ्रा ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने ओल्या पथावर आणून, ब्रेक दाबून, थांबेपर्यंतचे अंतर प्रत्येकी तीन वेळा मोजले गेले.

"साधा संच, सरासरी एकोणचाळीस मीटर," मापक म्हणाला. "महाग संच, सरासरी पंचेचाळीस मीटर. साधा संच सहा मीटरने सरस."

आत्याने शिरस्त्राण काढून टपावर ठेवले. "घ्या. सहा महिने वाट बघितली या टायरांची, आणि यांनी माझी ही शोभा केली. आबा, मी साधेच नोंदवते. आकडा बोलला की माणसानं गप्प बसावं, हे तुमचंच वाक्य आहे."

"माझंच आहे," आनंदराव म्हणाले. "पण मी ते फार तरुणपणी बोललो होतो."

"आजोबा, टायर रस्ता धरतो म्हणजे नेमकं काय करतो?" शाल्मलीने विचारले.

"झालं. शाळा भरली," आत्या म्हणाली. "साडेतीन वाजलेत, आबा."

"म्हणजे दीड तास आहे. तेवढ्यात मी तुझ्या आईशी लग्न ठरवलं होतं. बस जरा."

आत्या हसली आणि पथाच्या कट्ट्यावर बसली.

आनंदरावांनी नातीचा हात हाती घेऊन तिचा तळवा उघडला. "एवढी मोठी शीघ्रा, पण जमिनीला तिचा स्पर्श किती? प्रत्येक चाकाखाली साधारण तुझ्या आत्याच्या तळहाताएवढा. चार तळहातांवर सगळी गाडी उभी असते. तिनं वळायचं, थांबायचं, चढायचं, ते या चार तळहातांच्या घर्षणावर (एक पृष्ठभाग दुसऱ्यावरून सरकू लागला की त्याला होणारा विरोध, त्यावर). मधे पाणी आलं तर तळहात रस्त्याला टेकतच नाहीत. म्हणून टायरवर खाचा असतात. चाक फिरताना पाणी त्या खाचांतून बाजूला निघून जातं."

"मग खाचा सारख्याच असल्या तर दोन्ही टायर सारखेच?"

अध्यापनाची आजोबांची रीत अशी की आधी वस्तू हातात द्यावी आणि मग शब्द द्यावा. त्यांनी खिशातून दोन काळे चेंडू काढले. आकार सारखा, वजन सारखे. "दोन्ही एकाच उंचीवरून सोड."

पहिला चेंडू टणकन उसळून तिच्या कमरेपर्यंत आला. दुसरा फरशीवर पडला आणि तेथेच बसून राहिला.

"हा मेलेला आहे," शाल्मली म्हणाली.

"उत्तम टायर कुठल्या चेंडूचा करशील?"

"उड्या मारणाऱ्याचा. तो जिवंत आहे."

"माझ्या पहिल्या परीक्षेत मीही हेच लिहिलं होतं," आनंदराव म्हणाले. "मला शून्य मिळालं. आता रस्त्याकडे वाकून बघ."

शाल्मली वाकली. दुरून सपाट दिसणारा पथ जवळून असंख्य बारीक खड्यांचा होता.

"रबर या खड्यांवर दाबलं जातं, तेव्हा त्यांच्या फटींत शिरतं. पुढे सरकताना त्याला पुन्हा मूळ आकारावर यायचं असतं. या गुणाला प्रत्यास्थता म्हणतात (दाब काढला की पूर्वीचा आकार परत घेण्याचा गुण). पहिल्या चेंडूचं रबर लगेच परत येतं. खडा त्याला समोरून जितका अडवतो, तितकाच मागून पुढे ढकलतो, म्हणून रोखलं काहीच जात नाही. दुसऱ्याचं रबर सावकाश परत येतं. ते खड्याला धरून बसतं आणि गाडीच्या गतीतली ऊर्जा स्वतःत घेऊन तिची उष्णता करतं. याला ऊर्जाक्षय म्हणतात (गतीची ऊर्जा उष्णतेत जिरून जाणं). ज्याला तू मेलेला म्हणालीस, तो खरं तर सगळं गिळून शांत बसलाय."

"आणि महाग टायर दुसऱ्या चेंडूचा आहे?"

"त्या जातीचा. त्यात वाळूच्या कुळातली अतिसूक्ष्म भुकटी मिसळलेली असते. त्यामुळे ओल्या, गार रस्त्यावरही ते रबर कडक होत नाही. हे मिश्रण जमवायला पुष्कळ लोकांची पुष्कळ वर्षं गेली. त्याची किंमत आहे ती."

रबर उत्तम, खाचा उत्तम, तरी सहा मीटर अधिक. शाल्मली मापकाकडे वळली. "सरासरी नको. तिन्ही आकडे वेगवेगळे सांग."

"साधा संच, एकोणचाळीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस. महाग संच, सत्तेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस."

"हे आधी का सांगितलं नाहीस?" आत्या म्हणाली.

"आपण सरासरी मागितली होती," मापक नम्रपणे म्हणाला.

शाल्मलीने बोटाने फरशीच्या धुळीत ते आकडे लिहिले. साधा संच जागचा हलत नव्हता. महाग संच प्रत्येक खेपेला सुधारत होता. रबर तर तेच होते. म्हणजे त्याच्यावरचे काहीतरी दर खेपेला निघून जात होते. तिचा चेहरा एकाएकी उतरला.

"आजोबा, माझ्यामुळे झालं."

त्या सकाळी इंगवल्यांच्या कारखान्यात शस्त्रपूजन झाले होते. खंडेनवमीला तेथे पान्हे, हातोडे, कानशी, सारे काही धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन चौरंगावर मांडायचे, अशी चार पिढ्यांची रीत होती. तेल देण्याचे काम यंदा शाल्मलीकडे होते. चौरंगाशेजारी महाग संच ठेवलेला होता. सगळ्या हत्यारांना तेल मिळाले आणि आत्याच्या टायरांनाच नाही, हे तिला बरे वाटले नाही. तिने खोबरेल तेल हातावर घेऊन चारही टायर चोळले. खाचाखाचांतून चोळले. मग त्यांना हळदकुंकू वाहिले. टायर इतके काळेभोर झळकले की आत्याने तिचे कौतुकही केले होते. साधा संच तेव्हा आलेलाच नव्हता.

हे सारे तिने आत्याला सांगितले. "उद्या तू सातव्या वळणावर..."

आत्याने तिला जवळ ओढले. "अगं वेडे, सांगितलंस ना. मी चुकीचे टायर नोंदवायच्या आत सांगितलंस. आणि कौतुक करणारी मीच होते ना? मला एवढं कळू नये?"

"आपण तिघंही दोषी आहोत," आनंदराव म्हणाले. "नव्या टायरवर साच्यातून निघताना एक गुळगुळीत थर राहतो. तो घासून गेल्याशिवाय चाचणी घेऊ नये, हे मी इतरांना शिकवत आलो, आणि आज स्वतः विसरलो. शाल्मली, तुझी श्रद्धा चुकली नाही. तेल लोखंडाला गंजापासून राखतं म्हणून पूर्वजांनी ते हत्यारांना दिलं. रबराला मात्र ते घातक. ज्याची पूजा करायची त्याचा स्वभाव आधी जाणून घ्यावा, एवढंच."

चार वाजायला दहा मिनिटे होती. कोमट पाणी आणि साबण आला. आत्या, शाल्मली आणि मापक यांनी एकेक टायर ताठ ब्रशाने घासला, आणि चौथ्याला आजोबा बसले. मग आत्याने शीघ्रा घेऊन खरखरीत पथावर वीस फेऱ्या मारल्या. पुन्हा पाणी सोडले, पुन्हा ब्रेक.

"चौतीस," मापक म्हणाला. मग, "तेहतीस." मग पुन्हा, "तेहतीस."

"चला, नोंदवून टाकते," आत्या म्हणाली. साडेचार वाजले होते.

"थांब," आनंदराव म्हणाले. "साधा संच पुन्हा चढव."

"आबा, वेळ बघा की."

"तासाभरात पथ गार झालाय, पाणीही नवं आहे. आकडा टायरमुळे बदलला की पथामुळे, हे कसं कळणार? इतर सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलावी, तिला नियंत्रित चाचणी म्हणतात (जिच्यात फरकाला एकच कारण उरतं, अशी चाचणी). ज्यावर तू उद्या जीव टाकणार, त्याची खात्री दहा मिनिटांसाठी सोडू नकोस."

मापकाने चाके बदलली. साधा संच पुन्हा एकोणचाळीसवरच थांबला. आता शंका उरली नाही. पाच वाजायला चार मिनिटे असताना आत्याने महाग संचाचा क्रमांक स्पर्धेच्या कचेरीकडे धाडला.

"मग हे बिचारे टाकून द्यायचे?" शाल्मलीने साध्या टायरांवर हात ठेवून विचारले.

"का म्हणून? तुझ्या आजीची गाडी मंडईपर्यंत सावकाश जाते. तिला हे पुष्कळ, आणि ते अधिक वर्षं टिकतील. टायर वाईट नाही. त्याला पेलणार नाही ते काम त्याला सांगू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी निळकंठ घाटात दाट धुके होते. सातव्या वळणावर प्रेक्षकांच्या कठड्यामागे शाल्मली आजोबांना बिलगून उभी राहिली. खालून शीघ्रेची सूक्ष्म शीळ आली. गाडी धुक्यातून बाहेर पडली, ब्रेक लागले, वाहत्या पाण्यावर तिचे नाक किंचित खाली झुकले, आणि एखाद्या शांत माणसाने पान उलटावे तशी ती वळून वर निघून गेली. आत्या चौथी आली, आणि शिखरावरून बोलताना ती पहिली आल्यासारखी बोलली.

गर्दी पांगल्यावर शाल्मली वळणाच्या कोरड्या कडेला गेली. तेथे चार पुसट काळ्या रेघा उमटल्या होत्या. तिने बोट फिरवले. बोटाला काजळीसारखे काही लागले.

"आजोबा, टायर झिजला तेवढं रबर इथं राहिलं. पाऊस आला की हे कुठे जातं?"

आनंदरावांनी वाकून त्या रेघा पाहिल्या. "ओढ्यात, शेतात, आणि पुढे नदीत. रस्ता घट्ट धरील आणि मागं काहीच सोडणार नाही, असं रबर मला चाळीस वर्षांत जमलं नाही."

"कुणालाच नाही?"

"अजून नाही."

शाल्मलीने रुमालात ती काजळी काळजीपूर्वक टिपून घेतली, रुमालाची घडी केली आणि मापकाला विचारले, "उद्या सकाळी तू मोकळा आहेस का?"