पाचवं पातं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातपूरला ही गर्दी! कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला उभारलेल्या पोलादी शिल्पाचं एक पातं गायब झालं होतं. खांबाभोवती पाच वाकडी पाती, एवढंच ते शिल्प. त्याचा अर्थ कुणाला सांगता येत नव्हता, पण कंडक्टर आताच 'पाती स्टॉप' म्हणून ओरडायला लागले होते. आणि उद्घाटन संध्याकाळी पाचला.

मॅनेजरांचा संशय वेल्डर पुंजावर. पाती त्यानेच घडवलेली, सकाळी पहिला आलेलाही तोच. पाचच्या आत पातं मिळालं नाही तर नोकरी जाणार, वर पोलीस.

खासगी तपास करणाऱ्या यशोदाबाई धाकट्या भावाच्या, सावळीरामच्या, स्कूटरवरून उतरल्या. सावळीराम मनाने सोनं. डोकं जरा सावकाश चालायचं, हे त्यालाही ठाऊक होतं. पुंजाचं उतरलेलं तोंड बघून त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अक्का, आधी भंगारवाल्याला धरू," तो म्हणाला.

अक्का चौथऱ्यावर वाकल्या होत्या. तिथे चार नटबोल्ट, वायसरसकट, ओळीने मांडून ठेवलेले होते.

वॉचमन कोंडाजीने सांगितलं, साडेसहाला पाचही पाती जागेवर होती. नंतर समोर एकही गाडी थांबली नाही, आणि फाटकाबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची त्याने झडती घेतली होती.

तेवढ्यात पुंजाची बायको सुमनबाई रडतच आली. नवऱ्याच्या हातचं काम म्हणून खंडेनवमीला तिने पाती पुजली होती. चार पात्यांना तेलात कालवलेलं हळदकुंकू लावलं. पाचव्याच्या वेळी हळद संपली, मग नुसतं कुंकू.

"बाई, माझ्यामुळंच अपशकुन झाला का हो?"

यशोदाबाईंनी तिची पाठ थोपटली आणि त्या कारखान्यात शिरल्या. सावळीराम मागोमाग. तपासणीत नापास झालेल्या प्रत्येक भागावर लाल रंगाचा ठिपका होता, आणि फिटर तसले भाग उचलून मागच्या दुरुस्ती-शेडकडे नेत होते. सावळीरामला त्यात काहीच विशेष दिसलं नाही.

बाहेर येऊन यशोदाबाईंनी सगळ्यांना गोळा केलं.

"चोर बोल्ट मांडत बसत नाही. हे रोजच्या शिस्तीतलं काम आहे. एवढं जड पातं गाडीशिवाय लांब जात नाही, म्हणजे ते आत गेलं. आत येणाऱ्याची झडती कोण घेतो? आणि हेच पातं का? बाकीच्यांवर पिवळं नि लाल, ह्याच्यावर नुसता लाल ठिपका. तुमच्या कारखान्यात लाल ठिपका म्हणजे काय, साहेब?"

मॅनेजर शेडकडे धावलेच.

तिथे फिटर बहिरू घाम पुसत होता. ठोकण्याच्या आवाजात त्याला बाहेरचा गोंधळ कळलाच नव्हता. समोर पातं, फुटपट्टीसारखं सरळ.

"लय वाकडं होतं, साहेब," तो अभिमानाने म्हणाला. "सकाळपासून ठोकतोय."

सावळीराम पोट धरधरून हसला. मॅनेजरही हसले, आणि मग सगळ्यांच्या देखत त्यांनी पुंजाचे हात धरून माफी मागितली. बहिरूला सोबत घेऊन पुंजाने साडेचारपर्यंत पातं पुन्हा वाकवलं.

पाचला मॅनेजरांनी पाहुण्यांकडची कात्री मागून घेतली आणि पुंजाच्या हातात दिली. त्याने ती सुमनबाईच्या हातात ठेवली, आणि फीत तिने कापली.