एका पेटीत दोन कान

वीज जाण्याआधी तंबोरा बंद होता, आणि वीज आली तेव्हा तोच तंबोरा खुला झाला होता. मधल्या वेळात इसाकभाईंनी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. ते चहा पीत बसले होते.

बंद म्हणजे आवाज दबलेला आणि खुला म्हणजे नको इतका झणझणीत, हे मिरजेच्या त्या गल्लीत कुणालाही ठाऊक असतं. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती घोडी. ती कानशीने केसभर, केसभर घासत तारेला बोलकं करायचं, याला म्हणतात जवारी काढणं. एक हात जास्त पडला की सगळी मेहनत पाण्यात. इसाकभाईंचा जन्म यात गेला होता. आणि आता दुपारी धारवाडहून वृंदाताई देवस्थळी आपल्या तंबोऱ्यांची जोडी न्यायला येणार होत्या, त्यांनी हा तंबोरा गाडीत घालण्याआधी तो बंद आहे की खुला हे कळायला नको?

"हे बघ, नीट ऐकून सांग," इसाकभाई यंत्राला म्हणाले. यंत्राशी ते जावयाशी बोलावं तसं बोलत, आदराने पण संशयाने. त्यांनी तार छेडली. भोपळ्यावर चिकटवलेल्या रुपयाएवढ्या चकतीने तिचं कंपन टिपलं, आणि टेबलावरच्या जुनाट संगणकातून 'श्रोता' बोलला.

"जवारी खुली आहे. आणखी घासू नका."

"अरे बाबा, मघाशी तूच म्हणालास ना, बंद आहे, उजव्या अंगाने घासा म्हणून?"

"जवारी खुली आहे. आणखी घासू नका."

आता काय बोलायचं याच्याशी. इसाकभाईंनी कानस खाली ठेवली आणि पलीकडच्या गाळ्यात संगणकदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या आपल्या मुलीला, नसीमला, हाक मारली.

श्रोता म्हणजे काही भूत नव्हे. हे वाद्यं करणाऱ्या कारागिरांसाठी निघालेलं यंत्र, आणि त्याची खुबी अशी की ते कोरं यायचं. त्याला स्वतःची आवडनिवड नाही. कारागिराने तार छेडायची आणि प्रत्येक वेळी "हं" किंवा "नाही" एवढंच म्हणायचं. महिनाभर असं केलं की त्या माणसाचा कान यंत्रात उतरायचा. इसाकभाईंनी तो पंधराएक वर्षांपूर्वी उतरवला होता. पुढे श्रोत्याची नवी आवृत्ती निघाली. तिला संगणकाची प्रणालीही नवी लागायची, म्हणून मागच्या पावसाळ्यात नसीमने ती बसवून दिली, आणि इसाकभाई पुन्हा महिनाभर "हं, नाही, हं, नाही" करत बसले. घरातले वैतागून गेले होते.

नसीम आली. तिने चकती पुसली, वायर बदलली. आणि पडद्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"अब्बा, हा जुना चालू झालाय."

"जुना कुठला? तू नवा घातलास ना?"

"नवा घातला, पण जुना काढला नाही मी. जीव झाला नाही माझा. याच्या डिस्कचे दोन भाग केले, एकात जुनी प्रणाली, एकात नवी. एका घरात दोन चुली. चालू करताना तो यादी दाखवून विचारतो, कुठली पेटवू? रोज सकाळी मी येऊन नवी निवडते. आज वीज जाऊन आली, संगणकाची ही पेटी आपोआप उठली, तुम्ही काही दाबलं नाही, म्हणून तिने यादीतली पहिली घेतली."

इसाकभाईंनी त्या डबड्यावर टकटक केलं. "म्हणजे दोघं आत होते? एवढे दिवस?"

"होते. पण एका वेळी एकच जागा असतो. दुसऱ्याला पहिल्याचा पत्ताही नसतो."

"बरं, असू दे. पण दोघांना शिकवलं कुणी? मीच ना? मग एक बंद म्हणतो आणि एक खुला म्हणतो, हे कसं?"

नसीम कामालाच लागली. तिने तंबोऱ्याचा आवाज साठवून घेतला, तोच जुन्याला ऐकवला, मग पेटी बंद-चालू करून नव्याला ऐकवला. जुना म्हणाला खुली, नवा म्हणाला बंद. मशीन एक, तार एक, शिकवणारा एक. त्यांनी स्वतः कान लावून पाहिलं. त्यांना तर नव्याचंच पटत होतं. आवाज दबलेला होता, सरळ दबलेला होता.

नसीमने दोघांचे आलेख शेजारी शेजारी मांडले आणि पडदा हळूच आपल्याकडे वळवला.

"काय झालं?"

"काही नाही."

"नसीम."

"अब्बा, तारेतून एक स्वर निघत नाही, त्याच्यावर बारीक बारीक स्वरांची उतरंड असते. सगळ्यात वरचे जे असतात ना, ते नव्याला मोजताच येत नाहीत. येतात, पण तो त्यांना किंमतच देत नाही. ते कितीही वाढले तरी तो म्हणतो, अजून हवेत." ती वडिलांकडे वळली. "कारण शिकवताना तुम्ही 'नाही' म्हणत होतात. ते होते. तुम्हाला ऐकू येत नव्हते."

इसाकभाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, तो तसाच राहिला. कान गेले तर जवारीवाल्याचं राहिलं काय? आणि कधी गेले? जुना श्रोता त्यांचा चांगला कान जपून होता, तो सांगेल तिथे ते थांबत होते, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. त्यांना स्वतःलाही नाही. मागच्या पावसाळ्यापासून जे तंबोरे दुकानातून गेले ते सगळे मग कर्कश गेले? लोक तोंडावर बोलले नसतील, पाठीमागे काय बोलत असतील? त्यांना फार लाज वाटली.

एवढ्यात दाराशी गाडी थांबली. वृंदाताई आल्या. साठी उलटलेली बाई, पण आवाज अजून खणखणीत. जिना चढतानाच म्हणाल्या, "इसाकभाई, झाली का जोडी?"

"बसा ताई. आधी ऐका, मग बोलू."

वृंदाताईंनी तंबोरा मांडीवर घेतला, डोळे मिटले. इसाकभाई जमिनीकडे बघत होते.

"वा," वृंदाताई म्हणाल्या. "दिवाळीत करून दिलात ना, त्याच घराण्यातला आहे. किती वर्षांनी तंबोरा असा भरून ऐकू आला मला. फक्त अगदी किंचित दबलाय. अजून जरा उघडा की."

इसाकभाईंनी मान वर केली. क्षणभर त्यांना बरं वाटलं. पण लगेच वृंदाताई हसून पुढे म्हणाल्या, "माझ्याकडे शिकणाऱ्या पोरी म्हणतात, बाई, दिवाळीवाला तंबोरा दातात कळ आणतो. त्यांना कुठे कळतंय अजून."

इसाकभाईंना खोटं बोलता आलं असतं. पैसे घेऊन जोडी गाडीत घालता आली असती. त्यांनी सगळं सांगितलं, दोन चुली, दोन कान, उतरंड, सगळं. सांगताना दोनदा अडखळले. वृंदाताईंचा हात तारेवरून निघाला.

"म्हणजे माझेही कान गेले?" त्यांनी विचारलं.

नसीमने पाण्याचा प्याला आणला, तो त्यांनी नुसता हातात धरला.

"पण मला गायचंय ना," त्या म्हणाल्या. "मला ऐकूच आलं नाही तर मी कशाच्या आधारावर सूर लावू? आणि मला ऐकू येईल असा केला तर समोर बसलेले कानात बोटं घालतील. तंबोरा कुणाच्या कानाला लावायचा असतो, इसाकभाई?"

हा प्रश्न इसाकभाईंना उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. तंबोरा बरोबर असतो नाहीतर चूक असतो, एवढंच त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. त्यांनी नसीमकडे पाहिलं. तिच्या कानांना काही झालेलं नव्हतं, आणि आजवर तिला कुणी तार छेडून विचारलंही नव्हतं. या कामात मुलींना बसवायची रीतच नव्हती.

"तू ऐक," ते म्हणाले. "जुना म्हणतो इथेच थांब, नवा म्हणतो अजून घास. तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"ऐक तर खरी."

नसीम वृंदाताईंच्या मांडीवरचा तंबोरा घेऊन जमिनीवर बसली. तिने एकदा छेडलं, पुन्हा छेडलं, भोपळ्याला गाल टेकवून ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ पसरला. "अब्बा, रागावू नका. मला दोन्ही पटत नाहीत. थोडा बंद करायला हवा, जुना म्हणतो त्याहूनही."

इसाकभाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. म्हणजे चांगल्या दिवसांतलाही त्यांचा कान तिच्या मते थोडा खुल्याकडेच झुकलेला होता. त्यांनी त्या जुनाट पेटीकडे बोट दाखवलं.

"तिसऱ्याला जागा होईल का तिच्यात?"

"होईल. दोघांना जरा आवळावं लागेल. पण शिकवणार कोण त्याला?"

इसाकभाईंनी कानस उचलून तिच्या हातात दिली. नसीमने ती घेतली, पण घोडीला लावली नाही. वृंदाताईंच्या हातातला प्याला तसाच होता.

"आणि अब्बा," ती हळूच म्हणाली, "माझे कान जायला लागतील, तेव्हा ते मला कोण सांगेल?"