डावीकडचा मागचा टायर

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गाडीच्या डावीकडच्या मागच्या टायरला साइडला फुगा आला. असा टायर कधीही फुटू शकतो, तेव्हा बदलणं भागच होतं. पण उरलेले तीन निम्म्याहून जास्त झिजलेले, आणि त्यांच्यात एकच कोरा करकरीत टायर घालणं मला पटेना. माझी बायको मृणालिनी याला चिक्कूपणा म्हणते. मी परळच्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं लोकांची मोजमापाची उपकरणं तपासतोय. शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर सही करत नाही. असा माणूस जुना टायर घ्यायला जातो तेव्हा खिशात खाचांची खोली मोजायचं डेप्थ गेज घेऊन जातो.

चिंचपोकळी स्टेशनच्या मागच्या गल्लीत हितेंद्रभाईंचं जुन्या टायरांचं दुकान आहे. आत रबराचा आणि काळ्या पॉलिशचा उग्र वास. भाई चहा पीत बसले होते. ग्लास त्यांनी दोन्ही तळव्यांत दाबून धरला होता, लहान मुलं दुधाचा पेला धरतात तसा. चहा गरम असेल, असं मला वाटलं.

ढिगातला एक टायर मला आवडला. खाचांची खोली बरोबर तीन पूर्णांक दोन मिलिमीटर, म्हणजे माझ्या बाकीच्या टायरांइतकीच. कुठे चीर नाही, पंक्चर नाही. फक्त कडेला बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात, ते घासून गेले होते.

"हे आकडे कुठे गेले, भाई?"

"जुना माल आहे साहेब. घासतं." भाईंनी माझ्याकडे न बघता ग्लास खाली ठेवला. "एक सांगू? ह्याला पूजाबिजा नका करू."

"का बरं?"

"जुन्या टायरला करत नाय."

मी हसलो. नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात काम झालं होतं. प्रभादेवीला घरी येईपर्यंत भाईंचं बोलणं मी विसरूनही गेलो.

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा होते. इतर लोक बोटाने कुंकू लावतात, आम्ही अंगठ्याने. माझे आजोबा, पणजोबा, सगळे मुंबईच्या कचेऱ्यांमध्ये दस्त नोंदवणारे कारकून, आणि अंगठा उठला की गोष्ट पक्की, ही घरातली समजूत. माझे वडील, अप्पा, एक्याऐंशीचे. तेही कोर्टात कारकून होते. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर कागद कापायच्या सुरीचा एक तिरका व्रण होता. त्यामुळे दरवर्षी प्रत्येक टायरवर अप्पांचा ठसा उमटायचा तो व्रणासकट, आणि त्याच्या शेजारी माझ्या मुलीचा, ओवीचा. ती एकोणीस वर्षांची आहे, पण या कामात अजून कोणाला वाटेकरी होऊ देत नाही. मृणालिनी तबक धरते. मी लांब उभा राहून "लवकर आटपा" म्हणतो. यंदाही म्हणालो.

मी दर महिन्याच्या एक तारखेला चारही टायर मोजतो. एक नोव्हेंबरला तीन टायर जरासे झिजले होते. डावीकडचा मागचा चार पूर्णांक एक भरला.

टायर वाढत नाही. चूक माझी असणार. मी तीन ठिकाणी मोजलं, मग गेज ऑफिसात नेऊन तपासलं. गेज बरोबर होतं.

त्याच आठवड्यात अप्पांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं. अंगठा ठेवायचं छोटं यंत्र असतं, त्यावर त्यांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. काउंटरवरच्या प्रिती मॅडमने रुमालाने अंगठा पुसून दिला, मग दुसरी बोटं घेतली. दहाही बोटांना लाल दिवा.

"वय झालं की होतं असं, काका," ती म्हणाली. "मी डोळ्यांचं मशीन आणते."

डोळ्यांनी काम झालं. अप्पा गाडीत बसल्यावर बराच वेळ अंगठ्याकडे बघत होते.

"मनू," ते म्हणाले, "माझा व्रण कुठे गेला रे?"

घरी येऊन मी भिंगाखाली बघितलं. अंगठा साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता. वयाने रेषा पुसट होतात, हे मलाही ठाऊक आहे. पण साठ वर्षांचा व्रण पुसट होत नाही. मी अप्पांना म्हटलं, "कातडी कोरडी पडलीय, खोबरेल लावा." ते बरं म्हणाले. मी खोटं बोलतोय हे त्यांना कळलं होतं, आणि मला त्याची लाज वाटली.

त्यानंतर त्यांच्या हातून वस्तू निसटायला लागल्या. चमचा, चष्मा, एकदा देवघरातली समई. तळहातावरच्या रेषाही गेल्या. ओवी त्यांचा हात हातात घेऊन बसायची आणि ते तिला म्हणायचे, "आता माझा हात बघून कोणी भविष्य सांगणार नाही, सुटलो."

एक डिसेंबरला टायर पाच पूर्णांक सहा होता.

सहा तारखेला अप्पा दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय होतं. ते खरंच असेल. पण मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला तेव्हा तिथे एकही सुरकुती नव्हती. मला रडू फुटलं, आणि रडतानाही माझ्या डोक्यात तो आकडा होता.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी ओवी स्वयंपाकघरात आली.

"बाबा, माझा फोन बघ ना. अंगठाच घेत नाहीये."

"हात ओला असेल."

"तीन दिवस झाले रे."

मी तिचा अंगठा खिडकीतल्या उजेडात धरला. वरच्या अर्ध्या भागात रेषा होत्या. खालच्या भागात नव्हत्या.

मी भिंग आणि टॉर्च घेऊन खाली गेलो. टायर सहा पूर्णांक सात. गुडघे टेकून टॉर्च लावला. कंपनीच्या सरळ खाचांमध्ये आता बारीक बारीक वळणदार रेषा होत्या, एकात एक वाटोळ्या फिरत गेलेल्या, आणि त्यांना मधोमध कापत गेलेली एक तिरकी चीर.

ती चीर मी लहानपणापासून ओळखत होतो. त्या अंगठ्याला धरून मी शाळेत गेलोय.

मी टायर उतरवला, स्टेपनी चढवली आणि तडक चिंचपोकळी गाठली. भाईंनी डिकीतला टायर लांबूनच पाहिला.

"खाली नका उतरवू," ते म्हणाले. "पूजा केली ना?"

"केली."

"कोणी कोणी लावलं?"

"वडिलांनी. मुलीने. वडील गेले."

"तुम्ही?"

"मी नाही."

 भाईंनी दोन्ही हात माझ्यासमोर उताणे धरले. बोटांवर, तळव्यांवर काहीच नव्हतं. कोऱ्या कागदासारखे हात होते.

"माझ्या पोराचं सुरू झालं होतं," ते म्हणाले. "तेव्हा मी लावलं. मग थांबलं."

"तुमचं थांबलं?"

"पोराचं."

मी चिडून ओरडलो, "मग विकलात कशाला?" गल्लीतले लोक वळून बघायला लागले. भाई आत गेले आणि त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

घरी येऊन मी टायर परत जागेवर चढवला. मृणालिनीकडे कुंकवाचा करंडा मागितला. तिने "अहो, कशाला?" असं विचारलं, आणि माझा चेहरा बघून करंडा हातात ठेवला. मी देव मानत नाही. भर दुपारी, गाडीमागे उकिडवा बसून, मी उजवा अंगठा कुंकवात बुडवला आणि त्या टायरवर दाबला. रबर कोमट होतं.

तोंडातून शब्द फुटला तो एवढाच, "तिला सोड."

पुढच्या आठवड्यात ओवीच्या अंगठ्यावरच्या रेषा होत्या तिथेच थांबल्या. गेलेल्या परत आल्या नाहीत. तिने फोनला दुसऱ्या बोटाची सवय लावून घेतली.

फेब्रुवारीत ऑफिसातलं हजेरीचं यंत्र मला ओळखेना. आता मी मस्टरवर सही करतो. गेजची चकती फिरवताना बोट घसरतं, म्हणून तपासणीचं काम मी धाकट्या सहकाऱ्याकडे सोपवलंय. चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरतो.

टायर आठ मिलिमीटरवर स्थिर आहे. नव्या टायरला असतात तसे रबराचे बारीक केस त्याच्यावर आलेत. विकायचा विचार मनात आला नाही असं नाही. पण तो दुसऱ्याच्या दारात जाणार, आणि अप्पाही त्याच्याबरोबर जाणार.

सकाळी वॉचमन अंगण धुतो. मी गाडी बाहेर काढतो तेव्हा ओला टायर कोरड्या फरशीवर ठसे सोडत जातो. गेटपासून रस्त्यापर्यंत, टायरच्या दर फेऱ्याला, म्हणजे दर एक मीटर त्र्याऐंशी सेंटीमीटरवर, अप्पांचा अंगठा, व्रणासकट. त्याच्या शेजारी ओवीचा, अर्धाच.

परवापासून तिसरा एक उमटतोय. ओवीच्या अंगठ्याशी तो जुळत नाही, मी भिंग लावून पाहिलं. माझाच असावा, पण माझ्या अंगठ्याशी जुळवून बघायची सोय आता राहिलेली नाही.