पाण्यावरचा माणूस

मी दात बनवते. डॉक्टर नाही मी. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन माझ्याकडे पाठवतात आणि त्यावरून मी कॅप, ब्रिज, कवळी, जे काय हवं ते करून देते. घराच्या मागच्या खोलीतच माझी लॅब आहे, त्यामुळे नाकातोंडात कायम प्लास्टरची धूळ. माणूस बोलायला लागला की मी त्याच्या डोळ्यांत नाही, तोंडात बघते. मुलगी म्हणते, "आई, चारचौघांत तरी नको गं!" पण स्वभावाला औषध नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, बाईचं वय झालं, भास व्हायला लागले. वय झालंय, कबूल. पण दातांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

आमचे हे विम्याच्या कचेरीतून रिटायर झाले आणि घरभर माझ्या मागं मागं फिरायला लागले. भट्टीत काय आहे, हे मेण कशाला, हा ब्रश एवढा बारीक का. "अहो, काहीतरी छंद लावून घ्या," मी म्हटलं, "नाहीतर तुमच्याच तोंडात प्लास्टर भरेन." तर एक दिवस खोका घेऊन आले. चौकातली व्हिडिओ लायब्ररी कायमची बंद होत होती, तिथून उचललेला. आत 'दूरतारा' नावाच्या, अंतराळयानावरच्या जुन्या मालिकेच्या सगळ्या डिस्क.

ह्यांच्या शाळेच्या दिवसांत ती टीव्हीवर लागायची. एकच वर्ष चालली, मध्येच बंद पडली, आणि बंद पडल्यावर लोक तिच्यापायी वेडे झाले. ह्यांच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. मधल्या सुट्टीत सगळी पोरं यान-यान खेळायची. कुणी कप्तान, कुणी डॉक्टर, कुणी तोफेवर. ह्यांना गोष्टच ठाऊक नाही, म्हणून ह्यांना 'पाण्यावरचा माणूस' करायचे. यानातल्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारा. म्हणजे शाळेच्या नळाजवळ उभं राहायचं आणि कुणी विचारलं की "पाणी आहे" एवढंच म्हणायचं.

"सबंध वर्ष नळाजवळ उभा होतो मी," हे सांगायचे. सांगायचे हसून, पण ते हसू काही खरं नव्हे. "आता बघतोच, तो पाण्यावरचा माणूस असतो तरी कोण."

संध्याकाळी आम्ही एकेक भाग बघायला लागलो. यान म्हणजे पुठ्ठा आणि वरून चंदेरी रंग. कप्तानाचा टोप प्रत्येक भागात वेगळ्या बाजूला सरकलेला. मी हसून हसून बेजार झाले. हे मात्र परीक्षेला बसल्यासारखे बघत होते.

"तुला काय कळतंय त्यातलं?" हे म्हणाले.

"मला दात कळतात. तुमच्या कप्तानाचे पुढचे चारही खोटे आहेत."

पाण्यावरचा माणूस होता. पण नावापुरताच. मागं कुठंतरी टाक्यांपाशी, कायम पाठमोरा. संवाद नाही, शेवटी नावांच्या यादीत नाव नाही. हे प्रत्येक भागात पुढं सरकून बसायचे आणि भाग संपला की म्हणायचे, "आज पण वळला नाही बघ."

एका संध्याकाळी तो वळला. कप्तान काहीतरी विनोद करतो, सगळे हसतात, आणि टाक्यांपाशी उभा असलेला तो माणूसही मागं बघून हसतो. चेहरा अनोळखी, तरुण, लांबट. माझी नजर गेली ती तोंडाकडेच.

डावीकडचा वरचा सुळा. जरासा वळलेला, आणि त्याच्यावर उभी, केसाएवढी तपकिरी रेघ.

ती रेघ मी ओढलेली होती. आमचे हे मागं पायरीवरून घसरले आणि त्यांचा तो सुळा गेला. तेव्हा शेजारचे दोन दात कापून त्यांच्या आधारानं तीन दातांचा ब्रिज बसवला, तो मीच बनवला. मी सुळा सरळ करणार होते. हेच म्हणाले, "आरशात मी मला ओळखू आलो पाहिजे." म्हणून मुद्दाम तिरका केला आणि जुन्या दातावर होती तशी रेघ बारीक ब्रशनं काढून भट्टीत पक्की केली. असलं उलटं काम मी जन्मात दुसरं केलेलं नाही.

"अहो, मागं घ्या. तो दात बघा."

ह्यांनी मागं घेतलं, बघितलं, आणि माझ्याकडे बघून हसले. "वेडी आहेस का? ही मालिका केली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. हसतील त्याचे दात दिसतील, त्यात काय एवढं!"

पडद्यावर तो दात आणि पडद्याच्या अलीकडे तोच दात. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

पुढं एका भागात यान जांभळ्या ढगातून जातं. सगळ्यांवर जांभळा दिवा सोडलेला. खरे दात अशा उजेडात चमकतात, हे माझ्या धंद्यात पोरासोरांनाही माहीत असतं. खोटे चमकत नाहीत. आजकाल दात घडवायच्या चांगल्या पावडरीत ती चमक घालतात म्हणा, पण ह्यांचा ब्रिज मी जुन्या पावडरीचा केला होता. तर त्या भागात यानातले सगळे तोंड उघडून ढगाकडे बघत राहतात. कप्तानाचे पुढचे चार दात काळे दिसले, मी म्हटलं तसेच. आणि पाण्यावरच्या माणसाचे डावीकडचे तीन.

तेच तीन.

माझ्या लॅबमध्ये जांभळा उजेड पाडणारी छोटी टॉर्च असते. मी उठले, घेऊन आले.

"आ करा."

"काय चाललंय तुझं?"

"आ करा म्हणते ना!"

ह्यांनी निमूट आ केला. खालचे दात चमकले, वरचे चमकले. मी टॉर्च डावीकडे नेली. तेही चमकले. तिन्ही. सुळ्यावरची रेघसुद्धा होती, मी काढली तशीच, पण आता ती दाताच्या आतून आल्यासारखी दिसत होती. ह्यांनी माझं मनगट अलगद धरून टॉर्च बंद केली.

"झालं समाधान?" हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दात दुखतो म्हणायला लावून मी ह्यांना आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ब्रिज त्यांनीच बसवला होता. त्यांनी एक्सरे काढला आणि मला बाजूला घेतलं. "ताई, कुणाचा ब्रिज म्हणताय? ह्यांचे दात त्यांचे स्वतःचे आहेत. मुळं बघा किती छान आहेत." वर मलाच विचारलं, झोप नीट लागते ना.

घरी आल्यावर मी लॅबमधल्या फळीवरून ह्यांचा जुना प्लास्टरचा साचा काढला. सुळ्याच्या जागी खड्डा, दोन्हीकडे कापलेले खुंट. साचा खोटं बोलत नाही. खोटं बोलत होतं ते माणसाचं तोंड.

मग मी घरातल्या माणसाकडे नीट बघायला लागले. ज्याला पाना आणि पक्कड यांतला फरक आयुष्यभर कळला नाही, त्यानं घरातले गळके नळ एकेक करून दुरुस्त केले. शीळ घालत. माझ्या मागं मागं फिरणं बंद झालं. टॉवेल जागच्या जागी. मालिका बघायचंही त्यानं सोडून दिलं. "झाली की बघून," म्हणाला, खरं तर शेवटची डिस्क आम्ही लावलीच नव्हती.

मुलगी फोनवर खूश. "बाबा किती छान बोलतात गं हल्ली! नाहीतर आधी नुसतं 'हं' आणि 'आईला देतो'."

"तेच म्हणते मी. कुठंतरी पाणी मुरतंय."

"आई, तुला ना सुखही बोचतं."

बोचत होतं. का बोचू नये? मला तो मागं मागं फिरणारा, टॉवेल पलंगावर टाकणारा, फोनवर 'हं' म्हणणारा माणूस परत हवा होता. त्याच्याशी मी आयुष्य काढलं होतं, ह्याच्याशी नाही. एकदा जेवताना मी सरळ विचारलं, "तुम्ही कोण?"

तो चावायचा थांबला. "पाणी देऊ?" म्हणाला, आणि माझं भांडं भरून ठेवलं.

दुपारी तो झोपतो. तेव्हा, आवाज बारीक करून, मी शेवटची डिस्क लावली.

पाण्यावरचा माणूस आता पाठमोरा नव्हता. चेहराही लांबट नव्हता, तरुण नव्हता. टाक्यांपाशी आमचे हे उभे होते. त्या चंदेरी कपड्यांत पोट सुटलेलं, चष्म्याच्या जागी नाकावर नुसते वण. कुणी हात केला की ओठ हलायचे. आवाज ऐकू येत नव्हता, तरी काय म्हणतायत ते मला कळलं.

मी पडद्यासमोर बसून रडले. मग मागं घेऊन पुन्हा बघितलं.

रोज दुपारी तोच भाग बघायला लागले. डिस्क म्हणजे डिस्क, तिच्यावर असेल तेच दिसणार, एवढी अक्कल मला आहे. पण आधी ह्यांचा ब्रिज हलताना दिसला. मग एक दिवस तिथं नुसतेच खुंट. मग गाल सुजला. हे टाकीला टेकून गालाला हात लावून उभे राहायचे, आणि यानातली डॉक्टरीण येऊन ह्यांच्या तोंडात बघायची आणि कप्तानाला काहीतरी सांगायची. दर दुपारी सूज वाढलेली. शेवटी शेवटी ह्यांना डोळा उघडता येईना.

नवरा दातानं तळमळतोय आणि बायको दात बनवणारी. मी दुसरं काय करणार होते?

जुना साचा घेतला आणि ब्रिज करायला बसले. सुळा तिरका केला. रेघ काढली. या वेळी पावडर चांगली वापरली. इतकं चोख काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं.

ब्रिज डबीत घालून ती डबी टीव्हीखालच्या कपाटावर ठेवली. वेडेपणा, दुसरं काय! कुणाला सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबी रिकामी होती.

झाकण लावलेलंच होतं. घरात तो आणि मी, तिसरं कुणी नाही. तो आज झोपला नव्हता, बाहेर अंगणात नळाशी काहीतरी खटपट करत होता. मी डबी हातात धरूनच डिस्क लावली.

गाल उतरला होता. हे हसत होते. माझा सुळा, माझी रेघ, सगळं जागच्या जागी. डॉक्टरीण आली, ह्यांच्या तोंडात बघितलं, कप्तानाकडे वळली.

तो जागाच होता, झोपमोडीची भीती नव्हती, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मी आवाज मोठा केला.

"आता ठणका नाही," डॉक्टरीण म्हणाली. "मग घरी पाठवायचं कारण उरलं नाही. राहू दे याला इथंच."

कप्तानानं मान डोलावली.

ह्यांचं हसू गेलं. हे एकदा माझ्या बाजूला वळले, मग टाक्यांकडे तोंड करून उभे राहिले. पाठमोरे.

मी भाग मागं घेतला. पाठमोरे. आणखी मागं घेतला. पाठमोरे.

दार वाजलं. तो हात पुसत आत आला, माझ्या खुर्चीमागं उभा राहिला आणि पडद्याकडे बघत राहिला.

"बसला ना गं नीट?" त्यानं विचारलं. पेशंट गेल्यावर मी डॉक्टरांना फोनवर विचारते, अगदी त्याच काळजीनं.