दाजींची कलमवही

फिरत्या प्रयोगशाळेचं दार सताड उघडं टाकून डॉ. मैथिली दामले पेशींचं वय मोजणाऱ्या वयमापकाच्या पडद्याकडे बघत बसली होती. बाहेर आंब्याची तीनशे कलमं उभ्याउभ्या वाळत होती. ऐन एप्रिलात आंब्यावर एक पान नाही, ही काय बघायची गोष्ट झाली?

ही बाग दाजी आरोंदेकरांची. एवढा गाजलेला कादंबरीकार, पण पुण्याचा गोतावळा सोडून कोकणातल्या या उघड्या कातळावर येऊन राहिला. सुरुंग लावून खड्डे पाडले, बैलगाड्यांनी माती आणून भरली आणि पहिला आंबा कोयीपासून वाढवला. पुढची सगळी झाडं त्या एकाच झाडाची कलमं. आलेला पाहुणा रिकाम्या हातानं जाता कामा नये, हा दाजींचा खाक्या. प्रत्येकाला एक कलम द्यायचं आणि वहीत त्याचं नाव, गाव, तारीख लिहायची. दाजींच्या पश्चात विश्वस्तांनीही ही वही चालू ठेवली. एकाच झाडाच्या कलमांची सव्वाशे वर्षांची नोंद दुसरीकडे कुठे नव्हती, म्हणून तर मैथिली इथे आली होती.

जीव टांगणीला लागला होता तो मुलीसाठी. जुई नऊ वर्षांची असताना तिचं हृदय निकामी झालं. मैथिलीनं स्वतःच्या हृदयाच्या पेशी दिल्या, त्यांच्यापासून नवं हृदय वाढवलं आणि ते पोरीच्या छातीत बसवलं. पेशी आपलं वय मोजत असतात आणि गणती संपली की थांबतात, हे तोवर सगळ्यांना ठाऊक होतं. पण कोवळ्या शरीरात गेल्यावर त्या पहिल्यापासून मोजायला लागतात, असा सिद्धान्त खुद्द मैथिलीनंच मांडला होता. त्या भरवशावर कितीतरी आयांनी पेशी दिल्या. आता जुई बावीस वर्षांची होती, आणि वर्षभरात अशी दोन हृदयं अचानक बंद पडली होती. जुईच्या हृदयातून नमुना काढणं जिवावरचं. उरली ही कलमं, तीही कोवळ्या खुंटावर जुन्या झाडाची काडी बांधूनच केलेली.

"नागपुराक काय झाला?" सुलक्षणाकाकींनी दारातूनच विचारलं. या बागेत कलमं बांधण्यात त्यांची हयात गेली होती.

"तिथलं कलम चौदा वर्षांचं. याच महिन्यात वाळलं. धारवाडचं साठ वर्षांचं, तेही गेलं."

"आणि हयला, बागेतला, गेल्या पावसातला? तां पण सुकला. तेका तर माझ्याच हातान बांधलंय."

"पण काकी, खुंट कोवळा होता ना? मुळं नवी, रस नवा!"

"खुंट कोवळो आसलो म्हणान काय झाला गो बाये? वरची काडी जुन्या झाडाचीच मां! तिका नवे पाय दिले म्हणान ती काय नवी जाता?"

 एवढी बुकं वाचून मैथिलीला जे उमगलं नाही, ते काकींनी पायरीवर उभं राहून सांगून टाकलं.

"मग दाजींच्या लक्षात नाही आलं?"

काकींनी वही उघडून दाजींच्या अखेरच्या नऊ वर्षांची पानं दाखवली. प्रत्येक नावापुढे 'कलम' खोडून 'कोय' लिहिलेलं. मोठमोठे पाहुणे कागदात गुंडाळलेली कोय घेऊन परतले आणि म्हातारा चिक्कू झाला म्हणून नाकं मुरडत राहिले. विश्वस्तांनाही तो म्हातारपणचा तऱ्हेवाईकपणा वाटला. दाजी गेल्यावर त्यांनी पुन्हा कलमंच द्यायला घेतली, कारण लोकांना दाजींच्याच झाडाची फांदी हवी होती. समासात दाजींनी लिहिलं होतं, "फांदी माझं वय सोबत नेते. कोय नेत नाही."

मैथिलीनं ते दोनदा वाचलं आणि तिला हुंदका आवरेना. जुईसुद्धा तिच्या पोटी कोयीसारखीच आली होती, आपलं कोरं वय घेऊन. आईनंच तिच्या छातीत जुनी फांदी बांधली. दुसरा इलाज नव्हता हे खरं, पण त्यानं काय समाधान होणार? काकी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

जुईसाठी दिलेल्या मैथिलीच्या पेशींतल्या काही तेव्हापासून गोठवून जपलेल्या होत्या. त्या मोजायची कधी गरजच वाटली नव्हती. आज तिनं त्या वयमापकात घातल्या आणि गणती संपायला उरलेल्या वर्षांचा जो आकडा आला, त्यातून मधली तेरा वर्षं वजा केली.

दुपारी जुईचा फोन आला. "आई, काय निघालं? लपवाछपवी नको हं."

"अकरा वर्षं," मैथिली म्हणाली.

 जुईनं विचारलं, "आणि तुला?"

"तेवढीच. दोघींची गणती एकच आहे गं."

जुईनं मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई. तू गेल्यावर माझं कसं होणार, या विचारानं लहानपणापासून मला धडकी भरायची. आता तुझ्यामागे राहावं तरी लागणार नाही."

मैथिलीला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, राहायचं होतंस गं तू, माझ्यामागे चांगली चाळीस वर्षं राहायचं होतंस! पण तोंडून निघालं एवढंच, "उद्या निघते मी. जेवायला थांब."