गुरुवारचे दोन वाडगे

"तुमच्या लेकीने, किनांतीने लिहिलंय, म्हणून तुमच्याकडे आले, बू." वेनिंगने दारातच मासिक पुढे केलं. "एवढंच सांगा, हे खरं आहे का?"

रुमिनी इंडोनेशियातल्या सेमारंग शहराच्या पोलिसांतून निवृत्त झालेल्या. गल्लीत कोंबडी हरवली तरी लोक आधी त्यांच्याकडे येत, मग चौकीत. वेनिंगचं हरवलं होतं ते कोंबडीसारखं सापडणारं नव्हतं. तिचा नवरा पार्जोनो 'लाजूकिता'चं जांभळं जाकीट घालून मोटरसायकलवर प्रवासी पोचवायचा. मागच्या महिन्यात एका गुरुवारी अपघातात गेला. कंपनीचं म्हणणं, अंधार पडल्यावर बंदराच्या रस्त्यावर सापडला, ॲप बंद होतं, म्हणजे तो कामावर नव्हता. म्हणजे आमचा नव्हता.

आणि आता मुखपृष्ठावर तोच. मावळतीच्या सोनेरी उन्हात मोटरसायकलवर. मागे रस्त्याच्या कडेला उभे 'लाजूकिता'चे मालक रेंद्र विचाक्सोनो हात हलवताहेत. मथळा : 'चालकांच्या पंगतीतला मालक'. शब्द आणि छायाचित्रं, दोन्ही किनांतीची.

रुमिनींनी लेख वाचला. स्तुतीचा पाक एकतारी नव्हता, चांगला घट्ट होता. मालकाची साधी चप्पल होती, ओले डोळे होते, चालकाच्या पाठीवरचा हात होता. त्याच मालकाने त्या वर्षात तीनदा चालकांचा वाटा कापला होता. त्या कपातीला मात्र चार पानांत जागा मिळाली नव्हती.

"इथे बघा." वेनिंगने एका ओळीवर बोट ठेवलं. "'त्या गुरुवारी दुपारी पार्जोनोने मालकासोबत सोतोच्या रश्शाचे दोन वाडगे फस्त केले, आणि डुलकी काढतो म्हणून ॲप बंद करून निरोप घेतला.'"

"मग?"

"हे सोमवारी-गुरुवारी उपास करायचे, बू. मोठीच्या कानाच्या ऑपरेशनसाठी नवस होता. पहाटे मीच भात वाढलाय. सासूबाई म्हणतात, नवस मोडला म्हणूनच देवाने नेला. रात्रंदिवस तेच. आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

"उपासाचं कोणाकोणाला माहीत होतं?"

"घरात फक्त. बाहेर सांगायचे नाहीत. उपास मिरवायचा नसतो, म्हणायचे."

"दवाखान्यातून काय परत मिळालं?"

"जाकीट. खिशात खजुराची पुडी होती. संध्याकाळच्या बांगेला उपास सोडायला मी बांधून द्यायचे."

"उघडलेली?"

"नाही. गाठ तशीच होती."

"हे जाकीट तेच?"

"तेच की. त्याच पहाटे बाही शिवली. जांभळा दोरा संपलेला, म्हणून पिवळ्याने शिवली. हे हसले, म्हणाले, आता मी लांबून ओळखू येईन."

रुमिनींनी मुखपृष्ठ चष्म्याजवळ नेलं. चालकाच्या बाहीवर बारीक पिवळी रेघ होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं.

किनांती दुपारी जेवायला आली. रुमिनींनी वाढलं नाही. मासिक पानाच्या जागी ठेवलं.

"आवडलं का, इबू?" तिने आईला विचारलं.

"मुखपृष्ठाचा फोटो कधीचा?"

"अपघाताच्या आदल्या आठवड्यातला. का गं? तुझी पोलिसगिरी काही सुटत नाही बघ."

"आणि आतल्या पानावरचा, सोतोचा?"

"त्याच गुरुवारचा. दुपारी त्याला सोडला, नंतर कुठे गेला कोणास ठाऊक."

"ही पिवळी शिवण त्या गुरुवारी पहाटे घातलीय," रुमिनी म्हणाल्या. "आदल्या आठवड्यात ती नव्हती. म्हणजे फोटो त्याच दिवशीचा, आणि ऊन मावळतीचं. दुपारी सोडलेला माणूस संध्याकाळी तुझ्या कॅमेऱ्यासमोर होता."

किनांतीने मासिक पालथं घातलं. रुमिनींनी ते पुन्हा सरळ केलं.

"कंपनी म्हणते, अंधारात सापडला. दिवसभर उपाशी माणूस बांग झाल्यावर आधी खजूर तोंडात टाकतो. ह्याच्या खिशातली गाठ सुटलेली नाही. म्हणजे बांग होण्याआधीच तो पडला होता. फोटोतल्या उन्हानंतर, अंधाराच्या आधी. त्या वेळी तिथे कोण होतं, ते तूच छापलंयस. फोटोखाली तुझं नाव आहे."

"इबू..."

"आता सोतोच्या फोटोत बघ. त्याचा वाडगा काठोकाठ भरलाय, चमचा कोरडा. मालकाने मागवलं म्हणून समोर घेऊन बसला, इतकंच. मग दोन वाडगे आले कुठून? काहीच लिहिलं नसतंस तर कोणी विचारलंही नसतं. पण माणूस उपाशी होता, घेरी येऊन पडला, हे झाकायचं होतं. त्याने उपासाचं तुला एकटीला हळूच सांगितलं असणार. तुला वाटलं, असा उपास लोक लपवतात, तेव्हा ती गोष्ट त्याच्याबरोबरच गेली. पण बायकोपासून कोण लपवणार? पहाटे तीच उठते."

किनांतीने तोंड झाकून घेतलं. बोलली तेव्हा आवाज लहान मुलीसारखा होता.

"ॲप कंपनीच्याच माणसाने बंद केलं, शूटिंगमध्ये वाजू नये म्हणून. रेंद्रना ते ऊन हवं होतं. पार्जोनो मला म्हणाला, मबाक ताई, गरगरतंय, बांग होईपर्यंत बसू द्या. मी म्हटलं, एकच फेरी, ऊन चाललंय." तिने फोटोवर हात ठेवला. "वळणावर पडला."

"हॉस्पिटल जवळच होतं."

"रेंद्र म्हणाले, तिथे नको, तिथे वार्ताहर बसलेले असतात. गाडी लांबच्या दवाखान्याकडे नेली. वाटेतच... तिथे सांगितलं, अंधारात रस्त्यावर पडलेला सापडला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, लेख असा लिही की कोणी त्याला दोष देणार नाही. पोटभर जेवला, आनंदात गेला, असं लिही. मी लिहिलं. आपण त्याच्यावर उपकारच करतोय, असं मला खरंच वाटलं, इबू."

रुमिनींनी आयुष्यात कितीतरी जणांचे जबाब घेतले होते. आज पहिल्यांदा, समोरच्याने नाकारावं असं त्यांना वाटत होतं.

त्या किनांतीला घेऊन वेनिंगकडे गेल्या. ओट्यावर पार्जोनोची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. किनांतीने खाली बसून सगळं सांगितलं, काही न वगळता. वेनिंगने एकच विचारलं.

"खाल्लं नव्हतं ना?"

"नाही. पाणीसुद्धा नाही."

वेनिंग सासूकडे वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. "ऐकलंत, आई? मोडला नाही त्यांनी. शेवटपर्यंत पाळला."

म्हातारीने भिंतीवरून पाठ उचलली. मग म्हणाली, "पाळला गं. म्हणजे तहानलेलाच गेला माझा लेक."

वेनिंगचा चेहरा पुन्हा मिटला.

रुमिनी उठल्या. लेकीकडे न बघता म्हणाल्या, "चप्पल घाल. चौकीत जायचंय. रेंद्रचं नाव आधी सांगायचं, आणि मग तुझं."